परसबागेतील चपटकृमी : ओळख आणि बंदोबस्त

(व्याख्यानाचा मजकूर)



मृगाचा पाऊस स्थिरावला, की गोमंतकातील पुष्कळशा घरांच्या परसात एक प्रसंग घडतो. पहाटे गृहिणी मागील दार उघडते, तेव्हा न्हाणीघराच्या मोरीपाशी, तुळशीवृंदावनाच्या ओल्या पायथ्याशी किंवा कुंडीच्या बुडाखाली एक लांबट, लिबलिबीत, नाडीसारखा प्राणी सरकताना तिच्या दृष्टीस पडतो. त्याचे डोके पंख्यासारखे पसरलेले असते आणि ते डावीउजवीकडे सावकाश हलत असते. कोणी त्याला जळू म्हणते, कोणी सापाचे पिल्लू म्हणते. घरातील एखादा पुरुष खुरपे किंवा कोयता आणतो, त्याचे दोन-तीन तुकडे करतो आणि ते तुकडे पायाने शेजारच्या केळीच्या आळ्यात लोटून देतो. उपद्रव संपला या समजुतीने सर्वजण आपापल्या कामाला लागतात. वस्तुतः त्या कृतीने एका प्राण्याचे तीन प्राणी होण्याची व्यवस्था झालेली असते.

या प्राण्याला चपटकृमी असे म्हणतात. शालेय विज्ञानात पुनर्जननाच्या पाठात प्लॅनेरियाचे चित्र दिलेले असते. त्याच्या शरीराचे तुकडे केले असता प्रत्येक तुकड्यापासून नवा जीव तयार होतो, हे विद्यार्थी तेथे शिकतात. चित्रातील प्लॅनेरिया गोड्या पाण्यात राहणारा असतो. परसात दिसणारा हा त्याचा जमिनीवरचा भाऊबंद होय. विद्यार्थी परीक्षेत हे उत्तर बिनचूक लिहितात, परंतु घरी आल्यावर वडिलांच्या हातातील कोयता मात्र थांबवीत नाहीत. पुस्तकातले चित्र आणि परसातला प्राणी यांची सांगड वर्गात घालून दिली गेली, तर या विषयाचे निम्मे काम आपोआप होईल.

जगभरच्या बागांतून आढळणाऱ्या चपटकृमीचे शास्त्रीय नाव बायपेलियम क्युवेन्से असे आहे. बायपेलियम हा लॅटिन भाषेत एका जातीच्या फावड्याचा वाचक शब्द आहे. डोक्याच्या आकारावरून तो या प्राण्याला चिकटला. क्युवेन्से हा शब्द लंडनजवळील क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिउद्यानावरून आलेला आहे. १८७८ साली मोझली या शास्त्रज्ञाने त्या उद्यानातील काचगृहात सापडलेल्या नमुन्यावरून या जातीचे प्रथम वर्णन केले. मात्र त्याचे मूळ घर इंग्लंड नव्हे. ते व्हिएतनाम, कंबोडिया या बाजूला असावे, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजे ज्या प्राण्याची शास्त्राला पहिली ओळख झाली, ती त्याच्या जन्मभूमीत न होता हजारो मैल दूरच्या एका काचेच्या घरात, कुंडीतल्या मातीत झाली. तो कोणत्या मार्गाने हिंडतो, याचा उलगडा या एका गोष्टीत आहे.

त्याची ओळख पटविणे अवघड नाही. लांबी साधारणतः वीतभर, क्वचित फूटभर किंवा त्याहूनही अधिक. रुंदी मात्र चार-सहा मिलिमीटर. रंग फिकट तपकिरी किंवा मातकट पिवळा असून पाठीवर गडद रंगाच्या पाच उभ्या रेघा असतात. अंगावर वळ्या नसतात, खवले नसतात, पाय नसतात. पोटाखालच्या अतिसूक्ष्म केसांच्या हालचालीने, स्वतःच्याच चिकट स्रावावरून तो घसरत जातो. तोंड डोक्याला नसून पोटाच्या मध्यावर असते आणि त्याच तोंडाने मलविसर्जनही होते. फुप्फुसे नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. कातडीतून श्वास घेणाऱ्या या प्राण्याला ओलावा हेच जीवन आहे. ऊन लागले, जागा कोरडी पडली, की तो काही वेळात आक्रसून मरतो. म्हणूनच दिवसा तो कुंड्या, फळ्या, दगड, नारळाच्या सोडणांचे ढीग यांखाली दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. परसात सरपटणारे सर्वच काही चपटकृमी नसते. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात व वाढ झालेल्या गांडुळाच्या पुढच्या भागावर फिकट पट्टा असतो. जळूला दोन्ही टोकांना चिकटण्यासाठी चूषक असतात. वाळा हा अगदी बारीक, खवले असलेला, निरुपद्रवी साप होय. मुंग्या व वाळवी यांची अंडी खाऊन तो आपल्यावर उपकारच करतो. आणि देवगांडूळ म्हणून ओळखला जाणारा बिनपायांचा उभयचर प्राणी तर सह्याद्रीच्या पट्ट्याचे भूषण आहे. त्याची एक जात २००७ साली गोव्याच्याच नावाने शास्त्रात नोंदली गेली. चपटकृमीच्या भीतीने या बिचाऱ्यांचा बळी जाऊ नये. शिवाय भारताच्या जंगलांतून चपटकृमींच्या काही मूळच्या, येथल्याच जातीही आहेत. सत्तरी, सांगे, काणकोण भागातील रानात ओल्या पालापाचोळ्यात एखादा दिसला, तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. तो आपल्या घरी आहे. प्रश्न आहे तो कुंडीबरोबर येऊन परसात ठाण मांडणाऱ्याचा.

हा पाहुणा जेवतो काय, तर मुख्यतः गांडुळे. गांडूळ ज्या बिळातून गेले असेल, त्या बिळात तो शिरतो, गांडुळाभोवती आपले अंग गुंडाळतो आणि चिकट स्रावाने त्याला जखडून टाकतो. मग पोटाच्या मध्यावरील तोंडातून एक पांढुरका, झालरीसारखा घसा बाहेर येतो व गांडुळाच्या अंगावर पसरतो. पाचकरसाने भक्ष्याचे मांस बाहेरच विरघळते आणि तो ते शोषून घेतो. स्वतःहून कितीतरी जाड गांडूळ तो अशा रीतीने फस्त करू शकतो. उपासमार झाली तर तो लवकर मरत नाही. स्वतःच्याच शरीरातील ऊती वापरून आकाराने लहान होत जातो आणि महिनोन्‌महिने तग धरतो.

गांडुळांची थोरवी या श्रोतृवर्गाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. चार्ल्स डार्विन या जगविख्यात निसर्गशास्त्रज्ञाने १८८१ साली केवळ गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या कित्येक भागांत दरसाल एकरी १० टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. विशेष असे की, याच डार्विनने तारुण्यात दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात जमिनीवरचे चपटकृमी गोळा केले होते आणि १८४४ साली त्यांच्यावर एक टिपण लिहिले होते. खाणारा आणि खाल्ला जाणारा, या दोघांचाही अभ्यास एकाच माणसाच्या हातून झाला. कुळागरात पोफळीच्या मुळाशी पाणी मुरते, केळीच्या आळ्यातील पाचोळ्याची माती होते, मिरवेलीच्या मुळांना हवा मिळते, या सर्वांत गांडुळाचा वाटा आहे. त्याची मजुरी कोणी देत नाही, म्हणून ती हिशेबात येत नाही इतकेच.

मग चपटकृमीमुळे जमिनीचे प्रत्यक्षात किती नुकसान होते? याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण उत्तर आयर्लंडमधील आहे. तेथे १९६३ साली बेलफास्ट शहरात न्यूझीलंडमधील चपटकृमीची एक वेगळी जात प्रथम आढळली. दोन वर्षांनी ती स्कॉटलंडमध्ये दिसली. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून ती आली असावी, असा तर्क आहे. पहिली काही वर्षे बागेतील एक चमत्कारिक प्राणी यापलीकडे कोणी तिच्याकडे पाहिले नाही. नंतर ती बागांतून कुरणांत शिरली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका क्षेत्रीय अभ्यासात असे दिसून आले, की या कृमीमुळे गांडुळांचे एकूण वजन सुमारे २० टक्क्यांनी घटले; परंतु खोल उभी बिळे करणाऱ्या मोठ्या गांडुळांच्या बाबतीत ही घट ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचली. पाण्याचा निचरा करणारी गांडुळे हीच. हा प्राणी जाणूनबुजून मोकळा सोडणे हा ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरविण्यात आला आणि २०१९ साली युरोपीय संघानेही त्याचा समावेश आपल्या उपद्रवी परकीय जातींच्या यादीत केला. तरीही एकदा मातीत रुजलेला हा कृमी त्या प्रदेशातून समूळ काढून टाकता आलेला नाही.

न्यूझीलंडची ही जात थंड हवेतील आहे. २० अंशांवरील उष्णता ती फार काळ सोसू शकत नाही. तेव्हा ती गोव्यात किंवा बेळगावात येऊन नासधूस करील, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु पाच रेघांचा क्युवेन्से मात्र उष्ण व दमट हवेचाच रहिवासी आहे आणि कोकणपट्टीचा पावसाळा त्याला माहेरासारखा आहे. येथे त्याने किती गांडुळे खाल्ली, याचा आकडा पुढे करून कोणाला घाबरविण्याचा हेतू नाही. बेलफास्टच्या उदाहरणातून घ्यावयाचे ते एवढेच, की पहिल्या काही वर्षांत, प्राणी मोजके असताना जी दक्षता सोपी असते, ती पुढे कितीही खर्च करून साधत नाही.

आता तुकड्यांविषयी. क्युवेन्से अंडकोष घालतो, परंतु त्याची वाढ मुख्यत्वे होते ती शरीर तोडून. पूर्ण वाढलेला कृमी आपल्या शेपटीचा एक-दोन सेंटिमीटरचा भाग मातीला चिकटवून ठेवतो आणि उरलेले शरीर पुढे ओढून तो भाग तोडून टाकतो. हा तुकडा लगेच हालचाल करू लागतो व आठ-दहा दिवसांत त्याला डोके फुटते. महिन्यातून एक-दोन वेळा तो हा उद्योग करतो. नर नको, मादी नको, जोडीदाराचा शोध नको. जे काम तो स्वतः महिन्यातून एकदा-दोनदा करतो, ते कोयता घेऊन आपण एका क्षणात करून देतो. नांगर, कुदळ, गवत कापण्याचे यंत्र यांनीही तेच घडते.

तो आपल्या परसात येतो कसा? स्वतःच्या चालीने तो पावसाळ्यात फार तर शेजारच्या वाफ्यापर्यंत जाईल. समुद्र ओलांडून, घाट चढून येण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. त्याला आणतो तो माणूस: शोभेच्या रोपांच्या कुंडीतून, प्लास्टिकच्या पिशवीतील मातीतून, केळीच्या कंदाला चिकटलेल्या चिखलातून, शेणखताच्या टोपलीतून. फ्रान्समध्ये २०१३ पासून पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयातील संशोधकांनी बागकाम करणाऱ्या सामान्य नागरिकांना अशा कृमींची छायाचित्रे पाठविण्याचे आवाहन केले. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फूटभर लांबीचे बायपेलियम जातीचे कृमी जवळजवळ वीस वर्षे तेथील बागांत नांदत होते आणि शास्त्रज्ञांना त्याचा पत्ताच नव्हता! लोकांनी पाठविलेल्या शंभरावर नोंदींवरून तो लागला. (त्याच देशात पसरलेल्या, अर्जेंटिनातून आलेल्या दुसऱ्या एका चपटकृमीच्या कुळाचे नाव ओबामा असे आहे. ते ब्राझीलमधील तुपी भाषेतील पान व प्राणी या अर्थाच्या शब्दांवरून बनविलेले आहे. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

या बाबतीत आपण केवळ घेणारेच आहोत असेही नाही. आपल्याकडचा वाळा साप याच कुंडीमार्गाने जगभर गेला, आणि इंग्रजीत त्याला कुंडीतला साप असेच म्हणतात. गांडूळखतासाठी आपण पाळतो त्या आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस या जातीही परदेशीच आहेत, हे गांडूळखताचा व्यवसाय करणाऱ्यांना ठाऊक आहे. परके ते सर्व वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मातीबरोबर काय येते ते पाहून घ्यावे, इतकाच अर्थ.

यावर एक प्रश्न विचारला जाण्याची शक्यता आहे. काही चपटकृमी गोगलगाई खातात असे सांगतात. मग शंखी गोगलगाईंचा बंदोबस्त त्यांच्याकडून करून घेता येणार नाही काय? आफ्रिकेतील ही मोठी गोगलगाय १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड भागातील शेतकऱ्यांच्या कोवळ्या सोयाबीनचा तिने कसा फडशा पाडला, हे सर्वांनी ऐकले आहे. तेव्हा तिचा कोणी वैरी मिळावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हा प्रयोग इतरत्र होऊन गेलेला आहे. न्यू गिनी बेटावरील एक काळपट चपटकृमी गोगलगाई खाण्यात पटाईत आहे. पॅसिफिक महासागरातील गुआम बेटावर तो १९७८ साली आढळला. फिलिपाईन्समधील बुगसुक बेटावर १९८१ साली तो मुद्दाम सोडण्यात आला. मोठ्या गोगलगाई कमी झाल्या हे खरे. परंतु त्यानंतर तो थांबला नाही. झाडावर चढून तो तेथल्या मूळच्या लहान, निरुपद्रवी गोगलगाई खाऊ लागला. जपानच्या चिचिजिमा बेटावर तर हा कृमी पोहोचल्यानंतर तेथील स्थानिक जातींच्या भूचर गोगलगाई बेटाच्या बहुतेक भागातून नाहीशा झाल्या. गोगलगाय खाणाऱ्या एका मांसाहारी गोगलगाईचीही हीच कथा आहे. ताहितीजवळच्या मूरिया बेटावर ती १९७७ साली सोडली गेली आणि दहा वर्षांत तेथल्या रानातील पार्टुला जातीच्या नाजूक गोगलगाई संपल्या. ज्या मोठ्या गोगलगाईसाठी तिला नेले, ती मात्र पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिली. शंखी गोगलगाईवर उपाय म्हणून कोणी चपटकृमी विकत देऊ लागला किंवा शेजारच्या गावातून आणून सोडा म्हणून सांगू लागला, तर ते साफ नाकारावे. गोगलगाई संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमवून, हातमोजे घालून वेचणे आणि मिठाच्या वा साबणाच्या पाण्यात टाकणे हा कष्टाचा खरा, पण खात्रीचा मार्ग आहे.

चपटकृमी विषारी असतो काय, याविषयी भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफितींनी बराच घोटाळा माजविला आहे. खरी गोष्ट अशी, की २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्युवेन्से व त्याच्या एका भाऊबंदाच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळले. समुद्रातील फुगणारा मासा, ज्याला किनाऱ्यावर केंड म्हणतात, त्याच्या अंगातही हेच विष असते. कृमीच्या शरीरात त्याचे प्रमाण फार अल्प आहे आणि बहुधा गांडुळाला लुळे करण्यासाठी त्याचा उपयोग होत असावा. हा प्राणी माणसाला चावत नाही, डसत नाही, रक्त पीत नाही. त्याच्या स्पर्शाने कोणी दगावल्याची नोंद नाही. तरीही उघड्या हाताने तो उचलू नये, कारण त्याच्या चिकट स्रावाने काहींच्या त्वचेची आग होते. लहान मुलांना तो हाताळू देऊ नये, आणि कुत्रा, मांजर वा कोंबड्या यांच्यापुढे खाण्यासाठी टाकू नये. दुसरी एक दक्षता अधिक महत्त्वाची आहे. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताचे अंश गोगलगाईंच्या आणि त्यांना खाणाऱ्या चपटकृमींच्या शरीरात असू शकतात. ते कच्च्या पालेभाजीबरोबर पोटात गेले, तर मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा धोका असतो. यास्तव परसातील कोथिंबीर, पुदिना, मुळ्याची पाने कच्ची खावयाची असल्यास पान न्‌ पान उलटून, वाहत्या पाण्यात स्वच्छ धुऊन घ्यावीत.

आता प्रत्यक्ष बंदोबस्ताकडे वळू. त्यासाठी बाजारातून काहीही आणावे लागत नाही. जुना चिमटा किंवा दोन काटक्या, झाकण असलेली एक बाटली आणि मीठ एवढे साहित्य पुरेसे आहे. कृमी चिमट्याने अलगद, न तुटेल असा उचलावा. ओढाताण केली तर तो तुटतो. म्हणून त्याच्याखाली पान किंवा कागद सरकवून उचलणे सर्वांत चांगले. तो बाटलीत टाकून वरून दोन चमचे मीठ घालावे आणि झाकण लावावे. मिठाऐवजी व्हिनेगर चालते, आणि ते गोमंतकातील पुष्कळ स्वयंपाकघरांत असतेच. कढत पाणी किंवा साबणाचे दाट पाणीही चालेल. दुसऱ्या दिवसापर्यंत तो मेल्याची खात्री करून मग बाटलीतील पाणी रस्त्याच्या कडेला, झाडांपासून दूर टाकावे. मीठ थेट मातीवर फेकण्याची घाई मात्र करू नये. एका कृमीसाठी मुठभर मीठ आळ्यात ओतले, तर मिरीचा वेल आणि ज्यांना वाचवावयाचे ती गांडुळे, दोन्ही गमावून बसावे लागेल. फरशीवर कृमीचा चिकट माग राहिला असेल तर तो गरम पाण्याने धुवावा. नंतर चिमटा व हात साबणाने धुवावेत. उचलताना तुकडा पडलाच, तर तो शोधावा. आळस येतो, परंतु शोधावा.

कीटकनाशकाचा विचार मनातून काढून टाकावा. हा कीटक नव्हे, आणि त्याच्यासाठी शिफारस केलेले औषध नाही. जमिनीत ओतलेले जहाल औषध गांडुळांपर्यंत आधी पोहोचते.

त्यापेक्षा त्याच्या स्वभावाचा फायदा घ्यावा. त्याला दिवसा ओली, अंधारी जागा हवी असते. ती आपणच तयार करून द्यावी. संध्याकाळी ओले गोणपाट, एखादी जुनी फळी किंवा केळीच्या सोपटाचा तुकडा जमिनीवर सपाट पसरून ठेवावा आणि सकाळी उन्हे वर येण्यापूर्वी उलटून पाहावा. खाली जे सापडेल ते ओळखून, चपटकृमी तेवढे बाटलीत टाकावेत. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा हे केले तरी परसात त्यांची संख्या किती आहे याचा अंदाज येतो. बेलफास्टकडील बागाइतदार पिशव्या व फळ्या पसरून वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत. याने सर्व कृमी जातील असे नाही. परंतु ज्या परसात ही पाहणी नियमाने होते, तेथे गांडुळांवरचा भार हलका राहतो. कुंड्या जमिनीवर न टेकविता विटांवर ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्या बुडाला हवा लागते. मोरीचे सांडपाणी परसात साचू देऊ नये. डासांसाठीही ते चांगले नाहीच.

गांडूळखताचे खड्डे वा टाक्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी सर्वांत अधिक जपले पाहिजे. या कृमीच्या दृष्टीने गांडूळखताची टाकी म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखी आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गांडुळे पाळणाऱ्यांना त्याचा उपद्रव पूर्वीपासून माहीत आहे. ताजे शेण व पाला टाकीत भरण्यापूर्वी ते सिमेंटच्या ओट्यावर पातळ पसरून उलटसुलट करून पाहावे. टाकीच्या कडेच्या फटी बुजवाव्यात व टाकीभोवती हातभर जागा पालापाचोळा न ठेवता कोरडी राखावी. टाकीत गांडुळे एकाएकी कमी दिसू लागली, तर मुंग्या व उंदीर यांच्याबरोबर या वैऱ्याचाही संशय घ्यावा आणि रात्री विजेरी घेऊन एकदा पाहणी करावी. कृमी आढळला तर त्या टाकीतील खत किंवा गांडुळे दुसऱ्याला देण्याचे काही काळ बंद ठेवावे. बचत गटांच्या भगिनी एकमेकींना विरजणासारखी गांडुळे देतात; ती चांगली रीत आहे, पण देण्यापूर्वी परातीत पसरून एकदा नजरेखालून घालावीत.

रोपांविषयीही तसेच. नवे रोप आणल्याबरोबर परसात लावू नये. आठ-दहा दिवस ते वेगळे, कोरड्या फरशीवर ठेवावे, पिशवीचे बूड पाहावे, पाणी घालून खालून काय बाहेर येते ते पाहावे. लहान रोप असेल तर मुळांची जुनी माती बादलीतील पाण्यात धुऊन टाकावी आणि ते पाणी गाळून फेकावे. गोळा तोडल्यास रोप मरते, अशा झाडांना हे करता येत नाही. तेथे नुसते लक्ष ठेवावे. हे नियम खासगी रोपवाटिकांनाच लागू आहेत, असेही कोणी समजू नये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सवात हजारो रोपे शाळांना व पंचायतींना वाटली जातात. त्या पिशव्यांतील माती सरकारी असली, तरी चपटकृमीला तो भेद कळत नाही. रोपवाटिकांच्या व्यवस्थापकांनी पिशव्या उघड्या ओल्या जमिनीवर न ठेवता खडी किंवा जाड प्लास्टिकवर रचाव्यात आणि ट्रकमध्ये भरण्यापूर्वी थोड्या पिशव्या उलटून तपासाव्यात. या कामास वेळ लागतो, मजूर कुरकुर करतात, हे मान्य आहे. तरीही ते सोडू नये.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात पुनर्जनन दाखविण्यासाठी चपटकृमीचे तुकडे करण्याचा प्रयोग कोणी केला, तर ते तुकडे नंतर शाळेच्या बागेत फेकले जाऊ नयेत. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना नोंदी ठेवावयास सांगावे. कृमी कोणत्या तारखेस दिसला, कोठे, आदल्या रात्री पाऊस होता की नाही, पाठीवर रेघा किती, आसपास नवी कुंडी आलेली होती काय, एवढे वहीत लिहावे. प्राणी जिवंत असतानाच, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून, पाठीच्या बाजूचे आणि कागदावर उलटून पोटाच्या बाजूचे अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. मेल्यावर तो आक्रसतो व मग रेघा मोजता येत नाहीत. छायाचित्रे व नोंद तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. प्रत्यक्ष नमुना न्यावयाचा असल्यास तो झाकणाच्या बरणीत, ओल्या कागदाच्या तुकड्यासह, न तुटता न्यावा. बरणीला नाव, गाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, आणि झाकण घट्ट आहे ना, ते बसमध्ये चढण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.